मधमाशी वारते

आमच्याकडे गाय मरते, कुत्रं मरतं,
कोंबड्या तर मोजतही नाही कुणी.
मधमाशी मात्र वारते.
लहानपणी मी एकदा म्हटलं, 'माशी मेली',
तर ब्लाझ आजोबांनी जेवता जेवता चमचा खाली ठेवला
आणि येर्नेय माझ्याकडे बघून दात विचकून हसला,
जणू तो हा शब्द पोटातूनच शिकून आला होता.

येर्नेय माझा भाऊ. तीन वर्षांनी मोठा.
होता, असं लिहायचं का?
मला यंदा अठरा पूर्ण झाली. तो सोळाचाच आहे.

गुडघा दुखतो म्हणाला तेव्हा लिंडन फुलली होती,
घरात कुणाला श्वास घ्यायला वेळ नव्हता.
बाबा म्हणाले, 'फुटबॉल जरा कमी कर.'
हे वाक्य त्यांना अजून ऐकू येतं,
चौकटीवरचं मेण खरवडताना.
मला कळतं. त्यांचा हात थांबतो.

मग ल्युब्ल्याना, चौथा मजला, डॉक्टर झुपानबाईंची यादी:
कच्ची भाजी नको, उघडं दही नको, मध नको.
बावीस पेट्यांच्या घरातला मुलगा, आणि मध नको.
'नावाड्याच्या पोराला पाणी वर्ज्य,' तो म्हणाला.
आईला हसू आलं,
ते तिने खिडकीकडे तोंड करून संपवलं.

त्या हिवाळ्यात तो पेटीची फळी रंगवत बसला.
आमच्या डोंगराखालची जुनी रीत:
पेटीच्या तोंडाशी एक चित्र,
म्हणजे माशी घर चुकत नाही आणि शेजाऱ्यांची फुकट करमणूक.
कुणाच्या फळीवर संत असतो,
कुणाच्या फळीवर सैतान
बायकोची जीभ धारेच्या चाकावर घासत असतो.
येर्नेयच्या फळीवर बाजार भरलाय.
टकला येर्नेय हातगाडीवर स्वतःचेच केस विकतोय, वजनावर.
गिऱ्हाईक झुपानबाई, अस्वलावर बसून,
घासाघीस करताहेत.
कोपऱ्यात मी. नाक बटाट्याएवढं.
मी भांडले.
'काढलं कुठे? जसं आहे तसं पाहिलं फक्त.'
लाल रंग त्याने कुठेच वापरला नाही. माश्यांना लाल दिसत नाही.
'ज्यांच्यासाठी काढतोय त्यांना दिसायला नको?'

पुढच्या जानेवारीत त्याला घरी आणलं.
निघताना आईने सवयीने विचारलं, 'पथ्य काय?'
'त्याला आवडेल ते द्या,' बाई म्हणाल्या.
'मधसुद्धा?'
'मधसुद्धा.'
गाडीत कुणी बोललं नाही.
घरी पोचल्यावर त्याने कुट्टूच्या फुलांचा मध मागितला,
काळा, उग्र.
चमचा चाटला, तोंड वाकडं केलं,
'ह्याच्यासाठी दीड वर्ष झुरलो?'
आणि अजून एक मागितला.
पथ्य सुटलं म्हणजे काय सुटलं,
ते त्याला आमच्याआधी कळलं होतं.

फेब्रुवारीत बाबा बर्फ तुडवत पेट्यांपाशी गेले.
घरातलं माणूस गेलं की माश्यांना सांगावं लागतं,
नाहीतर रुसतात, उठून जातात.
प्रत्येक पेटीवर तीनदा टकटक, मग वाकून, हळू,
'येर्नेय वारला.'
आत गुणगुण चढायची, पुन्हा बसायची.
असं एकवीस वेळा.
बाविसाव्या पेटीपाशी त्यांचा हात वर गेला
आणि वरच राहिला.
मग मी टकटक केलं.
शब्द बरोबर वापरला.

उन्हाळ्यातली माशी सहा आठवडे जगते.
त्याला पाहिलेली एकही आज पेटीत नाही,
त्यांच्या नाती, पणत्या, खापरपणत्याही वारल्या.
दक्षिणेचं ऊन निळा रंग खात चाललंय,
गाडीवरचे केस विटलेत,
माझं नाक तेवढं अजून ठळक.
शेजारचे काका म्हणतात, पुन्हा रंगव, नाहीतर वॉर्निश तरी मार.
मी हात लावत नाही.

सकाळी त्या येतात, पाय पिवळे करून,
अस्वलाच्या पोटाखालून
एकामागून एक आत शिरतात.